सहा अक्षरांची कुस्ती

१

"ही गाठ माझी नव्हे," अमरसिंह सर म्हणाले, आणि टाळ्यांनी भरलेली तालमीची माडी गप्प झाली.

त्यांच्या चिमटीत लाल धागा लोंबत होता. स्पर्धेची अक्षरं ज्या पितळी डबीत ठेवली होती, तिला बांधलेला. डबी उघडताना संयोगिताबाईंनी तो गाठीच्या बाजूला कात्रीनं कापला होता, त्यामुळं गाठ जशीच्या तशी शाबूत होती.

"काल संध्याकाळी सगळ्यांच्या देखत मी डबी बांधली. साधी दुहेरी गाठ मारली होती. ही गाठ दुसऱ्याच कुणाची तरी आहे. डबी उघडून अक्षर बदललंय. ही कुस्ती मी मानत नाही."

अर्ध्या तासापूर्वी जिंकलेली सुहाना बागवान खुर्चीवरून उठायच्या बेतात होती. ती परत बसली. माडीवर कुजबुज उठली. कुणी म्हणालं, डबी फोडली. कुणी म्हणालं, अक्षरं आधीच बघून ठेवली असणार, उगीच का पोरगी एवढी फाडफाड बोलत होती. आणि मग एकेक मान मागं वळली. मागच्या भिंतीशी सुहानाचा बाप इकबाल पेंटर उभा होता.

संयोगिता नलवडे या कुस्तीच्या मुख्य पंच होत्या. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता देवदेव करतील. बाईंनी नाद लावून घेतला तो इंग्रजी शब्द शोधायचा. पाच अक्षरी, सहा अक्षरी, अमुक अक्षर पाहिजे, तमुक नको, असली कोडी फोनवर सोडवल्याशिवाय त्यांचा सकाळचा चहा घशाखाली उतरत नसे. पेठेतल्या तालमीच्या मंडळानं पोरांसाठी 'शब्दांची कुस्ती' काढली, तेव्हा पंच म्हणून दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. मंडळाच्या बरोबरीनं स्पर्धा भरवत होता तो अमरसिंह सरांचा इंग्रजीचा क्लास.

खेळ सोपा होता. पिशवीतून तीन लाकडी चकत्या काढायच्या. प्रत्येक चकतीवर एक इंग्रजी अक्षर कोरलेलं. ती तिन्ही अक्षरं ज्यात येतात असा सहा अक्षरी शब्द दोघा मल्लांनी आळीपाळीनं सांगायचा. तीन फाऊल झाले किंवा मल्लानं हार मानली की पाठ टेकली, मग समोरच्यानं आणखी एक शब्द सांगून शेवटचा डाव मारायचा. अंतिम कुस्तीच्या चकत्या आदल्या संध्याकाळी सर्वांसमोर, न बघता, पालथ्या काढून डबीत घातल्या होत्या आणि डबी रात्रभर खाली आखाड्याशेजारच्या मारुतीच्या पायाशी ठेवली होती. त्या तालमीत मारुतीला विचारल्याखेरीज पान हलत नाही, मग ते इंग्रजी का असेना.

आज सकाळी बाईंनी स्वतः चकत्या उलटल्या होत्या. पहिली ए, दुसरी आर. दोन्ही बोटांतून निसटत होत्या, म्हणून त्यांनी हात रुमालाला पुसले. तिसरी कोरडी होती, तिच्यावर के. पहिली पाळी पृथ्वीराजची. शिरोळहून रोज बसनं येणारा, सरांच्या क्लासचा हुकमी एक्का. तिसरी चकती नीट टेकायच्या आत त्यानं शब्द सोडला.

"ट्रॅव्हल."

यात के नाही. फाऊल. सुहाना म्हणाली मार्केट. पृथ्वीराज म्हणाला मार्व्हल. पुन्हा फाऊल. सुहाना म्हणाली बेकरी. पृथ्वीराजच्या कपाळावर घाम आला, ओठ हलले, आणि बाहेर पडलं ग्रॅव्हल. तिसरा फाऊल झाला, सुहानानं टँकर म्हणून नियमाप्रमाणं शेवटचा डाव मारला आणि कुस्ती संपली. पोरगं घाबरलं, असंच सगळ्यांना वाटलं.

आता अमरसिंह सरांची मागणी सरळ होती. सुहानाचं नाव काढा, कुस्ती रद्द करा, आणि बापलेकीविरुद्ध तक्रार लिहून द्या. चकत्या कोरल्या इकबालनं. सकाळी सगळ्यांच्या आधी तालमीत आला तोही इकबालच, बॅनर लावायला.

जिंकणाऱ्याला पुण्यात राहून बारावीपर्यंत फुकट शिक्षण होतं. सुहानाच्या घरात पुणं फक्त एसटीच्या पाटीवर बघितलेलं. पण इकबालच्या तोंडून जे बाहेर पडलं ते पुण्याबद्दल नव्हतं.

"मॅडम, बक्षीस ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "चोर म्हणून शिक्का बसला तर पोरगीला शाळंत कुठल्या तोंडानं धाडू?"

बाईंनी धागा सरांच्या हातातून काढून घेतला. संध्याकाळच्या बक्षीस समारंभापर्यंत कुणी तालीम सोडून जायचं नाही, तोवर निकाल माझ्या मुठीत, असं त्यांनी सांगितलं. नोकरी सुटली होती, आवाज सुटला नव्हता.

२

बाईंनी दोनदा विचारल्यावर इकबालनं कबूल केलं की सकाळी तो खाली मारुतीच्या खोलीत गेला होता. एकटा. शिडी तिथं ठेवलेली असते, ती आणायला.

"मग मघाशी का सांगितलं नाही?"

"सांगून कोण ऐकणार हुतं? सगळ्यांनी आधीच ठरवलंय की."

हे बाईंना लागलं. तीस-एक वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं ठरवून टाकलेलं पुष्कळ बघितलं होतं, आणि एकदोनदा स्वतःही ठरवलं होतं. पण लागलं म्हणून पुरावा बदलत नाही. माणूस डबीजवळ एकटा होता, एवढं आता त्याच्याच तोंडून आलं होतं.

त्यांनी त्याला सुतळीचा तुकडा दिला आणि सांगितलं, ही डबी बांधून दाखव. इकबालनं डबीभोवती दोन वेढे दिले आणि सरकफास टाकला. रंगाचा डबा शिडीला टांगायचा तो फास, एक टोक ओढलं की सुटणारा. लाल धाग्यावरची गाठ तशी नव्हती. ती चपटी, घट्ट, आत दुमडलेली होती.

अर्थात दुसरी गाठ मारता येत नाही असं थोडंच आहे. अमरसिंह सर दारात उभे राहून बघत होते, त्यांनी तेवढ्यात तेच बोलून दाखवलं.

सुहानाला त्यांनी एकटीलाच विचारलं. एवढे शब्द इतक्या लवकर कसे? पोरगीनं सांगितलं की तिला क्लास कधी नव्हता, पण घरात पाट्या होत्या. अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवतात, त्या वाळायला ठेवल्या की ती अभ्यासाला त्यांच्यामध्येच बसायची. बेकरी, मार्केट, पाण्याचा टँकर. अक्षरं मोजायची, उलटीपालटी करायची, एका पाटीतली काढून दुसरीत बसवायची. तेवढाच खेळ.

"बाई, मी खाली गेले पण न्हाई," ती म्हणाली. "आखाड्याकडं आमी मुली जातच न्हाई. तुमी गेलाय का कधी?"

नव्हत्या गेल्या. बाई लहानपणापासून त्याच पेठेत राहत होत्या, पण तो मारुती त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच बघितलेला.

पोरगी खरं बोलते आहे असं बाईंचं मन सांगत होतं. मनाचं ऐकून त्या कधी कोर्टात उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी टेबलावरच्या तीन चकत्या पुन्हा हातात घेतल्या. ए आणि आर अजून बोटांतून निसटत होत्या. त्यांनी बोट नाकाशी नेलं. गोडं तेल.

तिसरीला, के ला, तेलाचा वासही नव्हता. तिन्ही चकत्या रात्रभर एकाच डबीत होत्या, मग दोनच कशा भिजल्या?

३

बाळासो वस्ताद तालमीचे राखणदार. डोक्याला फेटा, कान मोडलेले, वय विचारलं तर हसणारे. बाईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांना हाक मारली आणि आज कुठला वार, एवढंच विचारलं.

"शनवार की."

"शनिवारी पहाटे इथं काय असतं, वस्ताद?"

वस्तादांची पाचावर धारण बसली. ज्यांनी आयुष्यभर भल्याभल्यांना लोळवलं, ते उंबऱ्याच्या आतल्या अंगाला मटकन खाली बसले. बोलायला लागल्यावर मात्र थांबेनात.

शनिवारी पहाटे ते मारुतीला तेल घालतात, शेंदूर लावतात. वर्षानुवर्षांचा नेम. आज डबी पायाशी आहे हे अंधारात ध्यानात आलं नाही आणि तेलाची धार तिच्यावर गेली. झाकणाच्या फटीतून आत शिरली. शेंदराचा हात लागून उरलंसुरलं झालं. त्यांनी डबी उघडली, चकत्या पुसल्या. दोन पुसून निघाल्या. तिसरीच्या खाचेत शेंदूर बसला तो निघेना. अक्षर कुठलं तेही दिसेना, आणि दिसून त्यांना काय कळणार होतं? लोक येतील, शेंदूर बघतील, डबी उघडली म्हणून बोंब होईल. म्हणून कपाटातल्या पिशवीत हात घालून आली ती दुसरी चकती त्यांनी डबीत टाकली आणि धागा परत बांधला.

"मघाशी चोर-चोर सुरू झालं तवा तोंडचं पाणीच पळालं बघा. ते लेकरू चोर न्हाई, ठावं हुतं मला. पण तालीम गेली तर मी जाऊ कुठं? चुकलं माझं."

"चुकलंच," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. वर एक पोर मान खाली घालून बसली होती, आणि खाली हा एवढा धिप्पाड माणूस गप्प राहिला होता.

त्यांनी सुतळी पुढं केली. वस्तादांनी डबी बांधली. चपटी, घट्ट, आत दुमडलेली गाठ. लाल धाग्यावरची तीच.

"लंगोटाची गाठ हाय. हात तसाच वळतो, दुसरी येतच न्हाई."

म्हणजे डबी शेवटची बंद केली ती वस्तादांनी, आणि नंतर ती गाठ बाईंच्या कात्रीपर्यंत कुणी सोडली नव्हती. इकबाल शिडीला आला तो उजाडल्यावर. डबीत के आहे हे कुस्ती सुरू होईपर्यंत जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, ज्यानं तो घातला त्यालासुद्धा नाही.

सुहाना सुटली होती. बाईंनी सुस्कारा सोडला, आणि तो अर्ध्यातच अडकला. चकती बदलली ती एका म्हाताऱ्याच्या भीतीपोटी, चोरी झालीच नव्हती, तर मग मनात काय खुपत होतं?

"ती शेंदराची चकती कुठाय?"

शेंदूर लागला म्हणजे ती देवाची झाली, फेकायची कशी? वस्तादांनी मारुतीच्या मागं हात घालून ती काढली, आणि बाईंच्या सांगण्यावरून धोतराच्या सोग्यानं घासघासून पुसली, काडीनं खाच कोरली. मग तळहात उंबऱ्याबाहेर धरला.

तळहातावरच्या चकतीत व्ही होता.

ट्रॅव्हल. मार्व्हल. ग्रॅव्हल. बाई जिना चढायला लागल्या.

४

पृथ्वीराज वरच्या पायरीवर एकटाच बसला होता. हरलेल्या मल्लाजवळ कोण बसतं? बाई त्याच्या शेजारी टेकल्या. कुस्तीबद्दल चकार शब्द काढला नाही. आमचा फोनवरचा खेळ माहीत आहे ना, म्हणाल्या, एक कोडं अडलंय. सहा अक्षरी शब्द हवेत, ए, आर आणि व्ही असलेले.

पोरानं श्वास घेतला आणि पाढा म्हणावा तसा म्हणून गेला. "कार्व्हड, फेव्हर, ग्रॅव्हल, मार्व्हल, स्टार्व्ह, ट्रॅव्हल, व्हल्गर."

माणूस शब्द शोधतो तेव्हा अडखळतो, मागं जातो, चुकीचं पकडतो आणि सोडतो. हा ए, बी, सी, डीच्या क्रमानं आला होता, इंटरनेटवर तीन अक्षरं टाकली की ओळीनं यादी येते तसा.

"हे कधी पाठ केलंस, बाळा?"

त्यानं बाईंकडं बघितलं. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि चेहरा पांढराफटक पडला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, हे बाईंना तिथंच पटलं. घोकलेलं डोक्यात एवढं ठासून भरलं होतं, की समोर के दिसत असूनही दुसरं काही आत शिरायला जागाच उरली नव्हती.

"काल रात्री," तो म्हणाला. "सरावाला दिलते. सकाळी ए आन् आर बघितल्यावर मला वाटलं, आपलं नशीब जोरावर हाय."

कुणी दिले, ते बाईंनी विचारलं नाही. ते त्याला सगळ्यांसमोर बोलायचं असेल तर तो बोलेल, नाहीतर त्या बोलतील.

५

माडी पुन्हा भरली. बाईंनी टेबलावर चार चकत्या मांडल्या आणि बाळासो वस्तादांना पहाटेची हकिगत सर्वांसमोर सांगायला लावली. लोक आधी हसले, मग ओशाळले. मागं वळून इकबालकडं बघायचं धाडस मात्र कुणाला झालं नाही.

अमरसिंह सरांनी लगेच हात जोडले. गैरसमज झाला, मोठ्या मनानं माफ करा, विषय संपला, असं ते भराभर बोलायला लागले. चांगले बोलायचे ते, क्लास त्यावरच चालायचा.

"संपला नाही," बाई म्हणाल्या. "सर, गाठ वेगळी दिसली तेव्हा ही सगळी माडी म्हणत होती, डबी उघडून अक्षरं बघितली. तुम्ही एकट्यानं म्हणालात, अक्षर बदललंय. चकत्या पालथ्या काढल्या, पालथ्या घातल्या. आधीचं अक्षर कुणी बघितलंच नव्हतं. मग ते बदललं हे तुम्हाला कसं कळलं?"

सरांनी घसा साफ केला. अंदाजानं बोललो, म्हणाले.

बाईंनी शेंदरी चकती उचलून धरली. "काल हा व्ही डबीत होता. पहाटे तो निघाला. काल संध्याकाळी डबी बांधल्यावर ती खाली नेऊन ठेवायला कोण गेलं होतं?"

"सरच गेलते," बाळासो म्हणाले. "मी कपाटाची किल्ली आणाय गेलतो तवर ते एकलेच हुते."

"आणि आज पृथ्वीराजनं दिलेल्या तिन्ही शब्दांत ए होता, आर होता आणि हा व्ही होता. ज्याला पहाटेच्या आधीची चकती ठाऊक होती त्याचेच हे शब्द आहेत."

सरांनी पृथ्वीराजकडं बघितलं, ते बघणं असं होतं की दुसरा एखादा पोरगा जागेवरच विरघळला असता. हा उठून उभा राहिला.

"सर, काल रात्री तुमीच दिले की ते शब्द. एवढेच पाठ कर म्हणालासा. का ते मला सांगितलं न्हाई."

मग सर बसले. कुणाशी असं नाही, समोरच्या हवेशी बोलायला लागले. एवढी जाहिरात केली होती, क्लासचा पोरगा महापालिकेच्या शाळेतल्या पोरीकडून हरला असता तर पुढच्या वर्षी पायरी कोण चढलं असतं? फक्त डबी उघडून बघितली आणि आपलीच गाठ परत मारली. सकाळी व्ही च्या जागी के निघाला तेव्हा त्यांना खरोखरच वाटलं, की इकबालनं आपल्यावर मात केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण हा चोर मनापासून बोंबलत होता. कोल्हापुरात जन्म काढून त्यांना मारुतीचा शनिवार आठवला नाही. त्यांच्या क्लासमध्ये शनिवार म्हणजे नुसती चाचणी परीक्षा.

मंडळाच्या अध्यक्षांनी स्पर्धेतून सरांचं आणि क्लासचं नाव काढल्याचं तिथंच जाहीर केलं. सकाळचा निकाल कायम, म्हणून त्यांनी सुहानाला पुढं बोलावलं.

सुहाना उठली, पण टेबलाशी जाऊन थांबली. "मला असं नको," ती म्हणाली. "परत कुस्ती लावा."

इकबाल मागून धावतच पुढं आला. "येडी का काय तू? जिंकलीयास की. मॅडमनी सगळ्यांसमोर सिद्ध केलंय."

"व्हय अब्बा. मी चोर न्हाई हे मॅडमनी सिद्ध केलं. मी त्याच्यापेक्षा भारी हाय, हे अजून कुणी बघितलंच न्हाई. तो खेळलाच कुठं?"

हरली तर पुणं गेलं, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. बाईंनी पृथ्वीराजकडं बघितलं. त्यानं बाह्या वर केल्या. तालमीत निकाली कुस्तीला नाही म्हणायची पद्धत नाही.

सरांची खुर्ची रिकामी होती. पिशवी सर्वांच्या मधोमध आली आणि बाळासोंनी उघड्या हातानं तीन चकत्या काढून तिथल्या तिथं उलट्या केल्या. एल, एन, टी.

या वेळी पृथ्वीराज अडखळला, मागं गेला, चुकीचं पकडलं आणि सोडलं, आणि मग म्हणाला सायलेंट. खरं खेळणारा पोरगा होता तो, बाईंना बघून बरं वाटलं. सुहाना म्हणाली डेंटल. तो म्हणाला क्लायंट, ती म्हणाली रेंटल. तो जेंटल, ती टनेल. माडीवर आता कुणाची बाजू अशी राहिली नव्हती, चांगल्या शब्दाला सगळेच टाळी देत होते. तो म्हणाला मेंटल आणि हशा पिकला. सुहानाच्या घरच्या पाट्या संपल्या होत्या, हे तिच्या डोळ्यांवरून बाईंना कळत होतं. तिनं दोन शब्द मनात उचलून खाली ठेवले. तिसरा बोलली तो पाच अक्षरी निघाला. फाऊल. इकबालनं डोळे मिटून घेतले.

मग पृथ्वीराज थांबला. ओठ हलले, बोटं हलली, आणि शेवटी त्यानं मान हलवली.

"न्हाई सुचत. खरंच न्हाई."

पण समोरचा थकला म्हणून कुस्ती मिळत नाही, शेवटचा डाव मारावाच लागतो. सुहाना चकत्यांकडं बघत राहिली. बाईंना दोन शब्द दिसत होते आणि पंच म्हणून तोंड मिटून बसणं त्यांना इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"प्लॅनेट," सुहाना म्हणाली.

बाईंनी बोटांवर अक्षरं मोजली. सहा. एल होता, एन होता, टी होता. पृथ्वीराजनं टेबलावरून हात पुढं केला आणि सुहानानं तो धरला. माडीचा आवाज खाली रस्त्यावर ऐकू गेला असेल.

इकबाल अजून डोळे मिटूनच उभा होता. त्याच्या खांद्यावर वस्तादांचा हात पडला तेव्हा कुठं त्यानं ते उघडले. सुहाना टेबलावर वाकली. निकालाच्या कागदावर विजेत्याच्या नावाची जागा बाईंनी दिवसभर कोरी ठेवली होती. तिनं पेन उचलून बाईंच्या हातात दिलं.

"आता लिहा माझं नाव," ती म्हणाली.